ठाकुमांचे ताट: संभाजीनगरातील एका बंगाली घरची आठवणीची पंगत

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एका बंगाली कुटुंबाच्या राहत्या घरी वर्षातून चार वेळा बारा माणसांची पंगत बसते आणि त्यांपैकी माघातील पंगत त्या घरच्या आजींच्या स्मरणार्थ असते. वडिलांच्या आईला बंगालीत ठाकुमा म्हणतात. यंदाच्या माघात मी आईला घेऊन जालन्याहून या पंगतीला गेलो होतो. हे हॉटेल नाही, दारावर पाटी नाही, आणि नाव-पत्ता कुठे देऊ नये अशी घरच्या ताईंची विनंती आहे. बारापेक्षा जास्त माणसांचा स्वयंपाक त्यांच्या एकटीच्या हातून होत नाही, हे त्यामागचे साधे कारण. ज्यांना जायचे असेल त्यांनी शहरातील बंगाली मंडळींच्या दुर्गापूजेत चौकशी करावी. आम्हालाही पत्ता तसाच मिळाला.

बंगाली जेवणाविषयी माझे मत तोवर फारसे चांगले नव्हते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलात बंगाली खाद्यमहोत्सव म्हणून जे वाढले गेले, त्यात प्रत्येक रश्शात काजूची पेस्ट आणि साय होती, मासा कोणता ते ओळखता येत नव्हते आणि सगळ्यावर साखरेची एकच चव पसरलेली होती. बंगाली माणसे भाजीतही साखर घालतात, एवढेच त्या दिवशी मनात राहिले. सिडकोतल्या या घरी पहिल्या घासालाच तो समज गेला. ताईंचे मूळ घराणे पूर्व बंगालातील बारिसालचे. कोलकात्याकडच्या जुन्या रहिवाशांच्या, म्हणजे घोटी घरांच्या भाजीत साखर अधिक पडते आणि पूर्वेकडून आलेल्या बांगाल घरांत तिखट जरा जास्त चालते, हा भेद त्यांच्याकडे आजही हिरिरीने सांगितला जातो. त्यामुळे येथे आलू-पोस्तो मागणाऱ्यांची निराशा होईल. खसखशीचे ते प्रेम बांकुरा, बीरभूम, बर्धमान या भागांतले. बारिसालच्या स्वयंपाकघरात खसखशीला तेवढा मान नाही आणि ताईंनी पाहुण्यांच्या आग्रहाखातर ती आणलेली नाही. हे मला फार आवडले.

ठाकुमांची हकीकत जेवणाच्या आधी सांगितली जाते आणि ती सांगितल्याशिवाय या ताटाचा क्रम कळत नाही, म्हणून ती थोडक्यात येथे देतो. १९५० मध्ये बारिसालमध्ये दंगली उसळल्या तेव्हा त्या नवरा, सासू आणि दोन मुलांसह निघाल्या, कोलकात्याच्या सियालदह स्टेशनवर काही दिवस उघड्यावर राहिल्या आणि पुढे जादवपूरकडच्या निर्वासितांच्या वसाहतीत त्यांचा संसार उभा राहिला. आठच वर्षांनी नवरा गेला. त्या वेळी त्यांचे वय ३१ होते. बंगालातील सवर्ण हिंदू घरांत विधवेच्या ताटावर जेवढे निर्बंध होते, तेवढे क्वचितच कुठे असतील: मासा नाही, मटण नाही, कांदा-लसूण नाही, इतकेच काय, मसुरीची डाळही आमिष मानली गेल्यामुळे वर्ज्य. उकडा तांदूळ घरच्यांसाठी, विधवेसाठी वेगळा शिजवलेला आतप म्हणजे सुरय तांदूळ, तोही दिवसातून एकदाच, आणि एकादशीला पाणीसुद्धा नाही. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता; तरी शंभर वर्षांनंतर जादवपूरच्या त्या खोलीत ताटातले नियम जसेच्या तसे शिल्लक होते.

या उपासमारीतूनच बंगालच्या निरामिष स्वयंपाकाचा मोठा भाग घडला, ही गोष्ट मला तेथे बसेपर्यंत ठाऊक नव्हती. कांदा-लसूण नसताना चव आणायची कशातून, तर आले, जिरे, हिंग, तमालपत्र यांतून. मासा नसताना डाळीचे सांडगे तळून घालायचे. ज्या साली, देठ आणि फुले इतरांनी टाकून दिली असती त्यांची भाजी करायची. आज ज्या भाज्यांचे बंगालीत कौतुक होते, त्यांपैकी कितीतरी या बायकांच्या हातांनी, त्यांच्या वेगळ्या चुलीवर पूर्णत्वाला गेल्या. ताई हे सांगताना आवाज चढवत नाहीत आणि रडवेल्याही होत नाहीत. जे होते ते असे होते, इतक्याच सुरात सांगतात. वाळूजच्या एका कारखान्यात यजमानांची नोकरी लागल्यापासून ३० वर्षे त्या येथे आहेत आणि त्यांचे मराठी आपल्याकडचेच झाले आहे. "करायलेत" आणि "बसा की जरा" हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात.

बैठक समोरच्या खोलीत असते. सोफा हलवून सतरंज्या अंथरतात, ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी एक टेबल आणि चार खुर्च्या ठेवतात. भिंतीवर ठाकुमांचा फोटो, त्याला हार, आणि फोटोखाली पाटावर दोन विळ्या मांडलेल्या. विळी पाहताच आईचे पाय तेथेच थांबले, कारण आपल्या विळीचीच ती सख्खी बहीण आहे: पायाने दाबून धरायची फळी आणि वर वाकलेले पाते. बंगालीत तिला बोंटी म्हणतात. दोन कशासाठी, तर एक आंश-बोंटी, म्हणजे मासे कापण्याची, आणि दुसरी निरामिष, जिच्यावर फक्त भाजी चिरायची. ठाकुमा दोन्ही वापरत. सकाळी अंघोळीआधी घरच्यांचा मासा पहिल्या विळीवर कापायचा, अंघोळ करायची, आणि मग स्वतःची भाजी दुसऱ्या विळीवर चिरायची. फळीच्या लाकडावर पायाच्या अंगठ्याखाली दोन्हीकडे सारखाच खळगा पडला आहे. आईने वाकून तो खळगा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "आत्याबाईंच्या विळीला अस्साच होता."

आत्याबाई म्हणजे माझी आज्जी. तिचेही माहेर-सासर दोन्ही भूम-परांड्याकडचे, आणि १९४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने घरदार सोडून ती कडेवर माझ्या वडिलांना घेऊन बार्शीला गेलेली. निजामाच्या हद्दीतून त्या काळी कितीतरी कुटुंबे अशीच सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरकडे निघून गेली होती. आज्जी माळकरी होती. मुलांसाठी मटण रांधायची ते परसातल्या वेगळ्या चुलीवर, आणि रश्शाचा थेंबही जिभेला लावायची नाही. तरीही ती आणि ठाकुमा यांच्यात जो फरक आहे तो मला त्या खोलीत प्रथमच नीट समजला: आज्जीने माळ स्वतःच्या इच्छेने घातली होती, पंढरीला जाऊन. ठाकुमांना कोणी विचारले नव्हते. आज्जीच्या एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी असायची, ठाकुमांच्या एकादशीला कोरडी जीभ.

आता जेवणाकडे येतो. आपल्याकडे पान वाढायचे म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे, असे सगळे एकदम समोर येते, आणि मग कशाबरोबर काय खायचे हे जेवणारा ठरवतो. बंगाली जेवणात क्रम असतो: आधी कडू, मग डाळ आणि तळलेले, मग भाज्या, मग मासा, शेवटी आंबट-गोड चटणी आणि गोड. एक संपल्यावर दुसरे, आणि प्रत्येक वेळी भात नव्याने. कांस्याच्या ताटात प्रथम मीठ, लिंबाची फोड आणि गोविंदभोग तांदळाची मूद आली, वर तुपाची धार. हा तांदूळ बुटका आणि सुगंधी असतो. बर्धमानच्या या तांदळाला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आंबेमोहोराची सवय असलेल्यांना वास ओळखीचा वाटेल, पण दाणा अधिक मऊ आणि चिकट आहे. कोलकात्याहून येणाऱ्या नातेवाइकांकरवी ताई तो मागवतात.

त्यानंतर शुक्तो. माझ्या मते संपूर्ण जेवणाचे मोल या एका वाटीने फेडले. कारले, कच्चे केळे, शेवग्याची शेंग, रताळे, वांगे, मुळा आणि तळलेल्या डाळीच्या वड्या यांची ही पांढुरकी, पातळसर भाजी. हळद नाही, लाल तिखट नाही. कारल्याच्या चकत्या वेगळ्या परतून अगदी शेवटी घालतात, म्हणजे कडूपणा सगळ्या रश्शात न पसरता त्या चकतीत राहतो. मोहरी वाटताना मीठ आणि हिरवी मिरची बरोबर घ्यावी लागते, नाहीतर मोहरी स्वतःच कडू होते आणि मग कारल्याचा कडूपणा कुठला आणि मोहरीचा कुठला हे कळेनासे होते. उतरवण्याआधी दूध, आणि वरून भाजून कुटलेली राधुनी. राधुनी म्हणजे ओव्याच्या जातीतले एक बी; वास ओव्याचा नाही आणि अजमोद्याचाही नाही, पण दोन्हींची आठवण करून देणारा. ताईंनी मूठभर बिया पाहुण्यांच्या तळहातांवर ठेवल्या आणि चोळून वास घ्यायला सांगितला. तो वास नाकात असतानाच पहिला घास घेतला, आणि मग जे लागले त्याला कडू हा एकच शब्द पुरत नाही: आधी दुधाचा सौम्यपणा, मग रताळ्याची गोडी, आणि सगळ्यात शेवटी, घास गिळल्यावर, घशाशी रेंगाळणारे कारले.

आई शुक्तो खाताना बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "आपण चिंच-गूळ घालून कारल्याचा कडूपणा मारतो. ह्यांनी तो ठेवलाय." वाडगा दुसऱ्यांदा पुढे आला तेव्हा तिने संकोच न करता हात पुढे केला, ही तिच्याकडून मोठीच पावती होती.

भाजलेल्या मुगाची डाळ, मटार घालून, आणि तिच्यासोबत वांग्याचे काप हे दोन्ही चांगले होते. त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. काप मोहरीच्या तेलात तळलेले होते. आपल्याकडे घाण्यावरच्या करडईच्या तेलाला जशी स्वतःची चव आणि थोडी रग असते, तशीच या तेलालाही आहे, आणि ज्यांना ती चालत नाही त्यांनी आधी कळवावे. ही सूचना नोंदणीच्या वेळी मिळत नाही, ती मिळायला हवी. आमच्या शेजारी बसलेल्या एका बाईंना त्या वासाचा त्रास होत होता आणि त्यांनी काप तसेच ठेवले.

मोचार घोंटो म्हणजे केळफुलाची सुकी भाजी. नांदेडकडच्या अर्धापूर भागात केळीच्या बागांचा केवढा विस्तार आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि घड भरल्यावर केळफूल कापून बांधावर टाकलेलेही पाहिले आहे. मराठवाड्यात केळफुलाची भाजी फारशी घरी होत नाही. ताईंनी जाधववाडीच्या मंडईतल्या एका भाजीवाल्याला सांगून ठेवले आहे, तो आदल्या शुक्रवारी सहा-सात केळफुले आणून देतो. मग हाताला तेल लावून एकेक लालसर पापुद्रा उघडायचा, त्याखालच्या प्रत्येक कोवळ्या फुलातील ताठ दांडी आणि बुडाशी असलेला पातळ, चामट तुकडा काढायचा, फुले बारीक चिरून हळदीच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. बारा माणसांच्या भाजीला साडेतीन तास निवडणे लागते, आणि पानात ती प्रत्येकाला दोन चमचे येते. खोबऱ्याचे बारीक तुकडे, बटाटा, गरम मसाला आणि तूप यांत परतलेली ही भाजी चवीला इतकी भरीव होती की समोरचे एक गृहस्थ खिमा आहे का म्हणून विचारू लागले.

त्यानंतर धोकार दालना. हरभऱ्याची डाळ वाटून, शिजवून, थापून, शंकरपाळ्याच्या आकारात कापून तळायची आणि जिरे-आल्याच्या रश्शात सोडायची. येथे मात्र मराठवाड्याच्या माणसाला तुलना करण्याचा पूर्ण अधिकार आहे, कारण पाटवड्यांचा रस्सा आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. आपली पाटवडी बेसनाची, गुळगुळीत, आणि रस्सा येसर घातलेला, झणझणीत. त्यांची वडी, धोका हे तिचे बंगाली नाव, वाटलेल्या डाळीची, खरखरीत आणि रस्सा पिऊन फुगणारी. रश्शात मला आपला रस्साच उजवा वाटला. वडीत त्यांची वडी पुढे आहे, कारण ती आत शेवटपर्यंत रस धरून ठेवते आणि तरी मोडत नाही.

येथे जेवण थांबते. ताटे उचलली जातात, हात धुवायला पाणी येते, आणि ज्यांना मासा खायचा नाही त्यांना पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसवून पुढची चटणी आणि गोड वाढले जाते. आई माळकरी असल्यामुळे ही व्यवस्था मी बारकाईने पाहिली: वाढणारी मुलगी वेगळी, पळ्या वेगळ्या, माशाची भांडी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या ओट्यावर. कुठेही ढिलाई नव्हती. आतापर्यंत जे वाढले गेले ते ठाकुमांचे स्वतःचे अन्न होते, ३१ व्या वर्षापासून शेवटपर्यंत त्या जे जेवल्या ते. यापुढचे अन्न त्या रांधत होत्या आणि जेवत नव्हत्या.

ताई सात वर्षांच्या असल्यापासून ठाकुमांजवळ स्वयंपाकघरात बसत. माशाचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, उकळू लागला की ठाकुमा पळीभर रस्सा वाटीत काढून फुंकर घालत आणि नातीपुढे धरत, "नून ठीक आछे?" मीठ बरोबर आहे का? नात चाखून सांगे, कमी असेल तर ठाकुमा चिमूटभर घालून पुन्हा वाटी पुढे करत. वासावरून, उकळीच्या आवाजावरून त्यांना जवळजवळ सगळे कळत असे, पण मिठाची खात्री नातीच्या जिभेनेच व्हायची. "शुक्तो मी तिच्याकडून शिकले," ताई म्हणाल्या, "पण झोलची चव तिला माहीतच नव्हती. ती माझ्या चवीनं करत होती." त्यांनी हे सांगितले तेव्हा वाढपाची पळी त्यांच्या हातात होती आणि त्या माझ्याच पानाशी उभ्या होत्या. तसाच थोडा रस्सा त्यांनी माझ्या भातावर घातला आणि पुढे गेल्या.

मासा रोहू, पैठणच्या नाथसागरातला. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाल्यापासून त्या जलाशयातला रोहू आणि कटला आपल्याकडच्या बाजारात येत आला आहे, आणि बंगाली घरासाठी हे दोन्ही मासे म्हणजे घरचेच. माघात इलिश, म्हणजे हिल्सा, ठेवलेला नव्हता, कारण तो पावसाळ्याचा मासा. बर्फातला आणून मिरवणे ताईंना मान्य नाही. झोल अगदी पातळ होता: हळद, जिरे, आले, धने, फुलकोबीचे तुरे, बटाटा आणि पुन्हा तळलेल्या वड्या. कांदा-लसूण यातही नव्हते. आपल्या तर्रीची सवय झालेल्या जिभेला पहिल्या दोन घासांत तो फिका वाटतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तिसऱ्या घासानंतर माशाची चव वर येते, ताज्या, गोड्या पाण्यातल्या माशाची, जी आपण मसाल्याखाली सहसा दडपून टाकतो. रोहूचे दोन भाग करतात, पाठीकडचा गादा आणि पोटाकडची पेटी. पेटीत काटे मोठे आणि मोजके, गाद्यात बारीक आणि फाटे फुटलेले. पहिल्यांदा येणाऱ्याला न विचारता पेटी वाढली जाते. एका लहान मुलासाठी ताईंनी घास निवडून दाखवला: मासा चमच्याने फोडायचा नाही, अंगठा आणि दोन बोटांत हलके दाबत जायचे, काटा बोटाला आपणहून लागतो.

फोटोपुढे ठेवलेल्या ताटाविषयी मी मुद्दाम शेवटी लिहीत आहे. पंगत बसण्याआधी ठाकुमांचे ताट फोटोपुढे ठेवतात, त्यात वाढणीच्या क्रमाने एकेक पदार्थ पडत जातो. झोल वाढण्याची वेळ आली तेव्हा ताईंनी सगळ्यांच्या आधी पेटीचा एक तुकडा त्या ताटात ठेवला. पहिल्या वर्षी यावरून घरात मोठा वाद झाला होता. कोलकात्याहून थोरल्या काकांचा फोन आला, आईने जन्मभर पाळलेला नियम तू मोडतेस, असे ते म्हणाले आणि दोन वर्षे बोलत नव्हते. बारिसालच्या नदीकाठी वाढलेली ठाकुमा माशावाचून ३८ वर्षे कशी राहिली हे आपण जवळून पाहिले आहे, आणि ज्या हातांनी इतका मासा रांधला त्या हातांच्या ताटात एक तुकडा ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही, असे ताईंचे म्हणणे. आता काका स्वतः फोन करून विचारतात की यंदा कोणता मासा ठेवलास. मला ताईंचे पटले. आईला पूर्ण पटले नाही. जे पाळले ते पाळू द्यावे, असे ती परतीच्या गाडीत म्हणत होती. तरी ताटात तुकडा पडताना तिने हात जोडले होते, ते मी पाहिले.

टोमॅटो, खजूर आणि आमसत्त्व, म्हणजे आपली आंबापोळी, यांची चटणी उत्तम, आणि पापडाबरोबर ती संपवल्याशिवाय राहवत नाही. गोडात नोलेन गुडाचे पायेश होते. खजुरीच्या झाडाच्या रसाचा हा गूळ फक्त हिवाळ्यात निघतो आणि त्याला किंचित धुराचा वास असतो. दूध आटवून, तांदूळ शिजल्यावर भांडे खाली उतरवून मगच गूळ घालतात, म्हणजे दूध फाटत नाही. आपल्या श्राद्धाच्या खिरीशी त्याचे नाते आईने लगेच ओळखले. मडक्यातले मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, मात्र साधारण होते. ते बाहेरच्या दुकानातून आणलेले होते, पातळ होते, आणि इतक्या कष्टाच्या पंगतीत ते नसते तरी काही अडले नसते.

आणखी दोन उणिवा सांगायला हव्यात. माशाच्या वेळेला आलेला भात गार झालेला होता. पातळ झोल गार भातावर अर्धा मरतो, आणि मधला विराम पंधरा-वीस मिनिटांचा असताना भात त्या वेळेला नवा उतरवता येण्यासारखा आहे. दुसरे असे की काकांच्या फोनची हकीकत नेमकी मासा खाताना सांगितली गेली. काट्यांकडे लक्ष द्यावे की बोलणाऱ्याकडे, अशी पाहुण्यांची ओढाताण झाली, आणि एका गृहस्थांच्या घशाशी काटा अडकून भाताचा कोरडा गोळा गिळावा लागला. ती हकीकत हात धुण्याच्या वेळी सांगितली तर अधिक नीट ऐकली जाईल. हे दोन्ही मी ताईंना सांगितले आणि त्यांनी मनावर घेतले.

दर माणशी ८०० रुपये, मासा न घेणाऱ्यांना ६००, आणि पैसे आठवडाभर आधी द्यावे लागतात. साडेतीन तास निवडलेल्या केळफुलाचा आणि कोलकात्याहून आलेल्या तांदळाचा हिशोब केला तर हे दर जास्त नाहीत. वेळ दुपारी साडेबाराची. उशिरा येणाऱ्यांसाठी शुक्तो थांबत नाही, कारण कडू आधी, हा क्रम मोडला जात नाही. दोन-अडीच तास हाताशी ठेवूनच जावे. ज्येष्ठांना जिना चढावा लागतो, लिफ्ट नाही.

पुढची पंगत चैत्रात आहे. त्या वेळी शुक्तोऐवजी कोवळ्या कडुनिंबाच्या पानांबरोबर तळलेले वांगे असेल, आणि गुढीपाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या आपल्या माणसांना ते परके वाटणार नाही. आम्ही दोन नावे लिहून आलो आहोत. निघताना आईने सांडग्यांविषयी विचारले, त्यांच्या वड्या उडदाच्या की मसुरीच्या, ऊन किती दिवस दाखवता, कोहळा किसून घालता का. दारात उभ्या राहून दोघींचे ते बोलणे अर्धा तास चालले. ठाकुमांच्या वड्या उडदाच्याच असत, मसुरीच्या घरच्यांसाठी वेगळ्या घालत, असे ताई म्हणाल्या, आणि चैत्रात येताना तुमचे मटकीचे सांडगे आणा, त्या दिवशीच्या डाळीत घालून पाहू, असे आईकडून कबूल करून घेतले.